कप्तानाची खोली

लायसन्स ऑफिसातल्या नापासबाई त्या आठवड्यात दिसेल त्याला नापास करत सुटल्या होत्या. एरवीही त्या काही कोणाला पायघड्या घालत नसत. गाडी शिकणाऱ्यांनी त्यांना हे नाव उगीच ठेवलं नव्हतं. पण त्या आठवड्यात कहर झाला. आरशात न बघता वळला, नापास. आरशात जरा जास्तच बघितलं, नापास. एका बिचाऱ्या बेकरीवाल्याने तर सगळं बिनचूक केलं, गाडी रेषेला समांतर लावली, हँडब्रेक ओढला आणि हुश्श म्हणून पट्टा सोडला, तर बाई म्हणाल्या, "परीक्षा संपली असं मी म्हटलं का?" झालं. बेकरीवाला गाडीतून उतरला तेव्हा त्याला रडू आवरत नव्हतं.

परीक्षेच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणसाने घोळ घातला की परीक्षकाने तो दाबायचा. बाईंचा पाय त्या आठवड्यात सारखा त्याच्यावर. ऑफिसच्या खुर्चीत बसल्या तरी पाय फरशी दाबायचा, बसमध्ये दाबायचा, जेवताना टेबलाखाली दाबायचा. काहीतरी थांबवायचं होतं आणि ते थांबत नव्हतं, कारण ते होऊन गेलं होतं. तेही यांच्याच तोंडून. दुसऱ्या कोणाचं काम असतं तर बाईंनी त्याला कच्चा खाल्ला असता. आता स्वतःला कसं खाणार?

झालं होतं ते असं.

बाईंना एक मोठी बहीण होती, ताई. ताई टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती, आता निवृत्त. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा आणि सून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत, ताई आपल्या दोन खोल्यांत एकटी आणि मजेत. बाईंनी लग्न केलं नव्हतं. दर गुरुवारी दुपारी त्यांना सुट्टी असे आणि त्या ताईकडे जात. जिना चढून दारात पोचल्या की नापासबाई संपल्या. आत ताईच्या तोंडी त्या फक्त 'छोटी', आणि आपणही आता तिला छोटीच म्हणू, कारण पुढची सगळी गोष्ट छोटीची आहे.

तर गुरुवारी या दोघी काय करत? बाहुल्या खेळत.

हसू नका. म्हणजे हसा, सगळेच हसतात, म्हणून तर त्या दार लावून खेळत. लोक बाहुल्या जमवतात, काचेत मांडतात, पाहुण्यांना दाखवतात, त्याला कोणी नावं ठेवत नाही. या दोघींचं तसं नव्हतं. या जमिनीवर फतकल मारून, आवाज काढून, रुसून, भांडून खेळत. आईच्या जुन्या कपाटाचे खालचे तीन कप्पे म्हणजे मालकीणबाईंचं घर. काड्यापेट्यांची कपाटं, रुमालाचे पडदे, बादली म्हणून शिवताना बोटात घालायचं टोपण. मालकीणबाई कापडाची, कंबर नसलेली, घरात भाडेकरू ठेवणारी. तिची एक पोरगी, लोकरीच्या वेण्यांची. या दोघी ताईच्या. आणि तिन्हींतल्या वरच्या कप्प्यात राहायचा कप्तान, लाकडाचा, नाकाचा टवका उडालेला, समुद्रावरून आलेला आणि परत न गेलेला. तो छोटीचा.

खेळ छोटी शाळेतही जात नव्हती तेव्हा सुरू झाला आणि संपवायचं दोघींना कधी सुचलंच नाही. मधे ताईचं लग्न झालं, मूल झालं, नवरा आजारी पडला आणि गेला. कधीकधी महिनेच्या महिने कपाट उघडायला फुरसत मिळत नसे. मग पुन्हा भेटल्या की मालकीणबाई म्हणायची, "मधे फार दिवस पाऊस लागून राहिला होता हो," की पुढे चालू. नियम एकच होता. ज्याची बाहुली त्यानेच बोलायचं, आणि एकदा बोललं की ते झालं. खोडायचं नाही. कप्तानाने लहानपणी एकदा रागाच्या भरात आपल्याला भाऊ नाही म्हणून सांगितलं होतं, तर बिचाऱ्याला आजतागायत भाऊ मिळाला नाही.

त्या गुरुवारी कप्तान जिन्यावरून पडला. म्हणजे छोटीच्या हातून खरंच निसटला, फरशीवर आपटला आणि त्याचा डावा पाय खुब्यातून निखळला. खेळात काय, संधीच ती! पोरगीने हंबरडा फोडला. छोटी डिंक आणायला स्वयंपाकघरात गेली. बाटलीचं टोपण घट्ट बसलेलं, ते उघडता उघडता बाहेरच्या दाराचा आवाज तिने ऐकलाच नाही. सुनेकडे घराची किल्ली असे. ती सासूची गोळ्यांची पाकिटं द्यायला आली होती. तिने पाहिलं ते एवढंच की सासू जमिनीवर एकटी बसली आहे, हातात लाकडाचा इवलासा पाय आहे, आणि ती लहान मुलीच्या आवाजात रडते आहे, "आता कप्तानकाका चालणार कसे?"

छोटी डिंकाची बाटली घेऊन दारात आली तेव्हा सुनेचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मावशी, हे काय चाललंय?"

आता इथे दोन शब्दांचं काम होतं. आम्ही खेळतोय. संपलं असतं. सून फार तर हसली असती, घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं असतं, तोही हसला असता. पण छोटीच्या डोळ्यांपुढे एका क्षणात ऑफिस उभं राहिलं, रांगेत उभी शिकाऊ पोरं, टेबलाआड फिदीफिदी हसणारे कारकून, नापासबाई बाहुल्या खेळतात. तिने बाटली पाठीमागे लपवली.

"काही नाही गं. ती खेळते आपली. मी बसते सोबतीला."

आणि एवढ्यावरही थांबावं की नाही? जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. सुनेने हळूच विचारलं, "असं नेहमी होतं?" तर ही म्हणाली, "हल्ली जरा जास्तच झालंय."

ताईने तिच्याकडे नुसतं पाहिलं. रडणं कधीच थांबलं होतं. हातातला पाय तिने जमिनीवर ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सुनेला म्हणाली, "चहा घेणार?"

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. भाच्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि आयुष्यातला प्रत्येक प्रश्न तो नंबर काढल्यासारखा सोडवायचा. "मावशी, बरं झालं तू खरं बोललीस. मला आईची काळजी वाटतच होती. बुधवारची वेळ घेतलीय, विसराळूपणाच्या डॉक्टर आहेत, चांगल्या आहेत म्हणतात. नंबर वाढायच्या आत तपासलेलं बरं. आणि काही निघालं तर आईला आता एकटं ठेवायचं नाही. आमच्याकडे आणू, ती जागा बंद करून टाकू."

"अरे, तसं काही नाहीये," छोटी म्हणाली. "ती आपली गंमत म्हणून..."

"तिला पाठीशी घालू नकोस, मावशी. तूच म्हणालीस ना, जास्त झालंय म्हणून?"

तिचीच वाक्यं, तिलाच परत. फोन ठेवला आणि घरभर येरझाऱ्या घातल्या. ताईला फोन लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला. उभा जन्म ज्या बाईने फोन वाजू दिला नाही, घंटी झाली की ताटावरून उठून धावली, तिने फोन नुसता वाजू दिला. हे छोटीला शिवीपेक्षा जास्त लागलं.

शनिवारी ती गेली. ताईने दार साखळी लावून उघडलं.

"कोण पाहिजे?"

"ताई, मी आहे."

"सोबतीला आलीस होय? मला सोबत नको." आणि दार लागलं.

छोटी जिन्यात उभी राहिली. शेजारीण कचरा घेऊन खाली गेली, परत वर आली, तरी ही तिथेच. आतून मालकीणबाईचा आवाज येत होता. तो कोणाशी तरी बोलत होता, पण त्याला उत्तर देणारं कोणी नव्हतं. छोटीने बेलवर बोट नेलं आणि मागे घेतलं, पुन्हा नेलं, पुन्हा मागे घेतलं. शेवटी स्वतःचाच राग येऊन ती तरातरा जिना उतरली आणि सोमवारी सकाळी त्याच रागात तिने बेकरीवाल्याला नापास केलं.

ताई वेडीबिडी नाही, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस मूग गिळून बसलं होतं. बहिणीचं घर जाणार, तिची किल्ली, तिची खिडकी, तिचं आपल्या मर्जीने उठणं-बसणं, सगळं जाणार, आणि का? तर धाकटीला लाज वाटली. ही गोष्ट छोटीला जेवू देईना, बसू देईना. मंगळवारी तिने भाच्याला पुन्हा फोन केला, आणि त्याने "बोल मावशी" म्हटल्यावर हिने बुधवारी किती वाजता यायचं तेवढंच विचारलं. धन्य!

बुधवारी दवाखान्यात चौघं एका ओळीत बसली. सून ताईची पर्स सांभाळत होती. ताई भिंतीकडे बघत होती. छोटीचा पाय फरशी दाबत होता.

डॉक्टर तरुण होत्या, चटपटीत. त्यांनी आत बोलावलं, सगळ्यांकडे हसून पाहिलं आणि छोटीपाशी येऊन त्यांचं हसू अडकलं.

"तुम्ही... लायसन्स ऑफिसात परीक्षक ना? तुम्ही मला दोनदा नापास केलं होतं."

"चढावर गाडी मागे गेली असेल," छोटी म्हणाली. सवयीने निघून गेलं तोंडून.

"गेली होती," डॉक्टर म्हणाल्या आणि मान खाली घालून लिहू लागल्या. ज्या एका बाईपुढे आज तोंड उघडायचं होतं, ती नेमकी हीच असावी!

तपासणी सुरू झाली. आज वार कोणता, ताईने सांगितला. सांगितलेले शब्द परत म्हणून दाखवा, दाखवले. घड्याळ काढा, काढलं, काटेही बरोबर. भाचा जरा सैल होऊन बसला. मग डॉक्टरांनी सहज, कागद उलटता उलटता विचारलं, "घरी कोण कोण असतं आजी?"

आणि ताई चुकली. आठवडाभर ती कोणाशी बोलली नव्हती, दिवसभर कपाटापुढे एकटी बसली होती, प्रश्नांमागून प्रश्न आले होते, आणि जे डोक्यात होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"मालकीणबाई आहे, तिची पोरगी आहे. कप्तान होता, तो गेला."

भाच्याने डोळ्यांवर हात ठेवला. सून रडायला लागली, आणि ती काही खोटं रडत नव्हती, तिचा सासूवर जीव होता. डॉक्टरांनी पेन उचललं. ताईला आपण काय बोलून बसलो ते कळलं आणि तिचा चेहरा असा झाला की छोटीने तो उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ताई घाबरली होती.

"लिहू नका!" छोटी ओरडली. "ती बाहुल्यांचं बोलतेय. आमच्या बाहुल्या आहेत. आम्ही खेळतो. दोघी."

"मावशी, प्लीज," भाचा म्हणाला. "आईवर तुझं प्रेम आहे, मला कळतं. पण आता डॉक्टरांपुढे तरी खोटं नको."

घ्या! खोटं बोलली तेव्हा एका फटक्यात पटलं होतं, आणि आता खरं बोलली तर कोणी ऐकायला तयार नाही. छोटीने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर तशाच मायेने मान हलवत होत्या, जशी आतापर्यंत ताईकडे बघून हलवत होत्या. मग छोटी उठली. पर्स खुर्चीवर ठेवली, छाती पुढे काढली आणि दवाखाना दणाणून जाईल अशा आवाजात गरजली,

"मालकीणबाई! अहो मालकीणबाई! जिन्यात दिवा का नाही? खलाशाचा जीव घ्यायचा विचार आहे का काय?"

बाहेर बाकावरची माणसं उठून उभी राहिली. कोणीतरी दार किलकिलं करून डोकावलं. डॉक्टरांच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. छोटीच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या, पण आता मागे फिरणं नव्हतं. तिने कप्तानासारखी दोन ढांगा टाकून फेरी मारली आणि ताईपुढे येऊन उभी राहिली.

"बोला की! मघापासून हाका मारतोय!"

ताई तिच्याकडे बघत राहिली. छोटीला वाटलं, संपलं सगळं, आता दोघींनाही नेतील.

"डावा पाय मोडलाय त्याचा," ताई शेवटी म्हणाली. आवाज तिचाच होता, ऑपरेटरचा, स्वच्छ. "चालतोय कसा?"

"विसरले," छोटी पुटपुटली.

"आणि तसाही तो गेला. शुक्रवारी बोट आली, त्यात गेला, मालकीणबाईनेच तसं सांगितलं. पोरगी दारात उभी होती, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही." मग ताई डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टरबाई, तो लाकडाचा आहे, मला ठाऊक आहे. पाय चिकटवलाय आणि माळ्यावर बुटांच्या खोक्यात ठेवलाय. घरी मी एकटीच असते. मघाशी बोलण्याच्या ओघात गेलं. पण आमच्यात एकदा बोललं की झालं, म्हणून गेला तो गेला."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. हे कधीपासून, तो कप्तान कुठून आला, असं काही काही त्या विचारत गेल्या आणि ताई सांगत गेली. कप्तान कोणत्या वादळात सापडला, पोरगीला गोवर आला तेव्हा औषध कोणी आणलं, वरच्या कप्प्यात त्याच्याआधी कोण राहायचं, सगळं ओळीने, कुठे न अडखळता. छोटी मधेच एकदा चुकली, तिला दुरुस्त केलं. शेवटी डॉक्टर हसल्या.

"यांच्या स्मरणशक्तीची काळजी तुम्ही करू नका," त्या भाच्याला म्हणाल्या. "माझी गेली तरी यांची जाणार नाही."

"मग हे काय आहे?"

"खेळ आहे."

"या वयात?"

"तो आजार नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी बाहेरच्याला आत बोलवायला सांगितलं.

भाच्याने लिफ्टचं बटण दाबलं. मग हळूच म्हणाला, "पण मावशी, लोकांना कळलं तर?"

"कळलंच की. बाहेर बाक भरून माणसं बसली होती."

सुनेने डोळे पुसता पुसता फिस्कन हसून घेतलं. ती दोघं गाडी काढायला गेली आणि दोघी बहिणी फाटकापाशी उभ्या राहिल्या. ताईचं घर राहिलं, किल्ली राहिली, पण छोटीचं काम अजून संपलं नव्हतं. ताई रस्त्याकडे बघत होती.

"ताई, मला लाज वाटली गं."

"माझी?"

छोटीला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "तुझी वाटली."

"घर गेलं असतं तरी मी काढले असते दिवस," ताई म्हणाली. "पण तू 'ती खेळते' म्हणालीस. मी कोण गं, ती?"

छोटी रडली, भर रस्त्यात, नाक पुसायला रुमाल नव्हता तर बाहीने पुसलं. ताईने तिला जवळ घेतलं नाही.

"कप्तानाला परत आण ना. प्लीज."

"मला काय सांगतेस? झालं ते झालं." गाडी आली. ताई आत बसली आणि काच खाली करून म्हणाली, "वरची खोली मात्र रिकामी पडलीय."

गुरुवारी सुट्टी झाल्या झाल्या छोटी खेळण्यांच्या दुकानात शिरली. विकणारी मुलगी म्हणाली, "केवढ्या मुलीसाठी हवी?" छोटीने इकडेतिकडे पाहिलं. मागे एक ओळखीचा ड्रायव्हिंग स्कूलवाला आपल्या नातीला घेऊन उभा होता. "माझ्यासाठी," ती म्हणाली, जरा मोठ्यानेच, आणि करड्या कोटातली एक साधीशी लाकडी बाई उचलली.

ताईने दार उघडलं आणि आत जाऊन जमिनीवर बसली. कपाट उघडं होतं. छोटी मांडी घालून बसली, करड्या कोटातल्या बाईला खालच्या कप्प्यापुढे उभं केलं आणि नखाने फळीवर टकटक केलं.

मालकीणबाई वेळ लावून दारात आली. "कोण पाहिजे?"

"खोली आहे असं कळलं."

"आधी कुठे राहत होतात?"

"इथेच. जवळच."

"मग सोडलंत का?"

छोटीने बाईचा करडा कोट नीट केला. "माणसं चांगली होती," ती म्हणाली. "एकदा दारात कोणीतरी आलं आणि विचारलं, तुम्ही यांच्यातल्याच का? मी नाही म्हटलं."

ताईची बोटं मालकीणबाईच्या कापडी पाठीत रुतली होती. मग मधल्या कप्प्यातून लोकरीच्या वेण्या पुढे आल्या आणि पोरगीने आईच्या आडून, बारीक आवाजात विचारलं,

"ही पण जाणार का?"

छोटीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. नव्या बाईचा आवाज काही केल्या निघेना. जे बाहेर पडलं ते तिच्या स्वतःच्याच आवाजात पडलं.

"नाही गं, ताई. नाही जाणार."